फुटलेले हात : नवजात शिशू कक्षातल्या एका सिस्टरचं प्रकरण

मी एका लहान रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, पाणी बोअरचं, हिवाळा कोरडा. कोणी हात धुतले आणि कोणी धुतले नाहीत याची नोंद ठेवणं हा माझ्या कामाचा रोजचा भाग. जानेवारीतल्या एका सकाळी नवजात शिशू कक्षाच्या कोपऱ्यात उभी राहून मी ही नोंद घेत होते. समोर एक सिस्टर होती. बारा वर्षांचा अनुभव, हात इतका हलका की ज्या बाळाची शीर कोणालाच सापडत नाही, त्याच्यासाठी तिलाच बोलावतात. तिने एका बाळाचं लंगोट बदललं, हातमोजे काढले, शेजारच्या बाळाकडे वळली. वाटेतल्या सॅनिटायझरच्या बाटलीकडे तिचा हात गेला आणि तसाच मागे आला. बाटली तिने दाबलीच नाही. नवे हातमोजे चढवले आणि बाळाच्या सलाइनच्या नळीला हात लावला.

मी कागदावर फुली मारली. पण ती हात मागे घेण्याची हालचाल माझ्या डोक्यातून जाईना. आळस केलेला माणूस बाटलीकडे बघतसुद्धा नाही. हिने हात पुढे केला होता आणि मग ती बिचकली होती.

चहाच्या वेळी ती कप दोन्ही हातांनी धरून बसली होती, बोटं स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेली. मी म्हटलं, "हात दाखव बघू." आधी तिने टाळलं. मग कप खाली ठेवला, हात पुढे केले आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कुठं लिहू नका. काढतील मला इथनं."

दोन्ही हातांची पाठ पावसाविना तडकलेल्या काळ्या रानासारखी भेगाळली होती. बोटांच्या बेचक्यांत लाली आणि बारीक पापुद्रे. मुठीच्या हाडांवर आडव्या चिरा, मूठ वळली की उघडणाऱ्या. उजव्या अंगठ्याच्या टोकाला नखालगत एक खोल चीर होती आणि तिच्यात वाळलेल्या रक्ताची रेघ. अनामिकेवर अंगठीखाली गोल, लाल, ओलसर पट्टा. तळवे मात्र बऱ्यापैकी शाबूत. हे शेवटचं लक्षात ठेवण्यासारखं आहे, त्याकडे पुढे येते.

दिवाळीनंतर हात खरखरीत व्हायला लागले होते. थंडीचं असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं. डिसेंबरात भेगा पडल्या तेव्हा गल्लीतल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत हात बरे दिसले, ट्यूब बंद केली, आठवड्यात दुखणं दुपटीने परतलं. असं तीनदा झालं. मी ट्यूब मागवून बघितली. तीव्र स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध, सगळं एकत्र. अशी मिश्र मलमं आपल्याकडे कितीतरी घरांत फ्रीजच्या दारात पडलेली असतात आणि खाजेपासून मुरुमापर्यंत कशावरही लावली जातात. स्टेरॉइडने सूज दबते, त्यामुळे बरं वाटतं. मूळ कारण चालूच राहिलं तर ती परत येते, आणि मलमाचा मारा चालू ठेवला तर कातडी पातळ होत जाते. ती आणखी लवकर फाटते.

ट्यूब निकामी ठरल्यावर तिने स्वतःच एक उपाय शोधला होता. हात झोंबतात म्हणून जमेल तिथे धुणं टाळायचं आणि त्याऐवजी ड्युटीभर हातमोजे घालायचे. मी सकाळी जे पाहिलं ते हेच. म्हणजे तिच्या हातांची कातडी आणि शेजारच्या बाळाची सलाइनची नळी एकाच धाग्यात गुंतलेली होती. जो हात झोंबतो तो धुतला जात नाही. त्यातून फुटलेल्या कातडीत जंतूंना ठाण मांडायला जागा मिळते. विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू भेगाळलेल्या हातांवर जास्त आढळतो आणि धुऊनही सहज जात नाही. दीड किलोच्या बाळांच्या खोलीत याचा अर्थ काय होतो ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे राहून फक्त मोजलं. चूक-बरोबर काही नाही, नुसत्या उभ्या रेघा. सकाळच्या सहा तासांच्या ड्युटीत ती 43 वेळा साबणाने हात धुते, 31 वेळा सॅनिटायझर लावते, आणि त्यातल्या 19 वेळा साबणाने धुऊन लगेच, हात ओले असतानाच, वरून सॅनिटायझर चोळते. "दोन्ही केलेलं बरं, बाळं लहान आहेत," हे तिचं कारण. माया होती त्यामागे. पण हातांचं वाटोळं मुख्यतः त्या 19 खेपांनीच केलं होतं, असं माझं मत आहे.

तेव्हा कक्षात प्रत्येक वेळी हात धुवायला 4 टक्के क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचं गुलाबी स्क्रब ठेवलेलं असायचं. शस्त्रक्रियेआधी कोपरापर्यंत हात घासायला ते योग्य. दिवसाला चाळीस वेळा धुवायला ते फार तिखट आहे. त्याचा त्रास वापराच्या संख्येबरोबर आणि त्याच्या तीव्रतेबरोबर वाढतो. साध्या सौम्य द्रव साबणाने जे काम होतं त्याला आम्ही कित्येक वर्षं स्क्रब वापरत होतो. कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले.

साबण कातडीला नेमकं करतो काय, हे मी तिला वॉर्डातल्या फळ्यावर काढून दाखवलं. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या चपट्या पेशींची भिंत. पेशी या विटा आणि त्यांच्यामधलं सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं हा चुना. हाताच्या पाठीवर ही भिंत कागदाहूनही पातळ असते, तळव्यावर कितीतरी जाड. म्हणून पाठ फुटते आणि तळवे टिकतात. कातडी किंचित आम्ल असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10. साबणाला मळातलं तेल आणि भिंतीतला चुना यांतला फरक कळत नाही, दोन्ही ओढून नेतो. एकदा धुतल्यावर कातडी काही तासांत सावरते. पण सावरायच्या आत दहा मिनिटांनी पुन्हा धुतलं, मग पुन्हा, तर विटा मोकळ्या पडतात, आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं रसायन आत शिरतं. त्यात आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबणाशी त्यांचा पांढरा साका होतो, तो नीट निघत नाही आणि बेचक्यांत, अंगठीखाली बसून राहतो. तिचा लाल पट्टा नेमका तिथेच होता.

आता सॅनिटायझरबद्दल, कारण इथेच सगळ्यांचा गैरसमज आहे. सॅनिटायझर झोंबतो म्हणून तोच दोषी, असं ती धरून चालली होती. शाबूत कातडीवर चांगला अल्कोहोल हँडरब, म्हणजे हाच सॅनिटायझर, साबण-पाण्यापेक्षा कमी त्रास देतो. भिंतीतला चुना तो पाण्याबरोबर वाहून नेत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात तर हाताच्या ओलाव्यासाठी म्हणून 1.45 टक्के ग्लिसरॉल घातलेलं असतं. झोंबतो तो आधीच पडलेल्या भेगांत. भेगा पाडतो साबण, आणि बोल लागतो सॅनिटायझरला. संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तर हँडरबच पहिला पर्याय, आणि साबण व हँडरब एकापाठोपाठ वापरू नयेत. हँडरबला 20 ते 30 सेकंद लागतात, साबणाला 40 ते 60. तिच्या 43 खेपांचा हिशेब मांडला तर एका ड्युटीत जवळपास अर्धा तास तरी हात धुण्यात जात होता. त्यातल्या किती खरोखर साबणाच्या होत्या? कक्षात शिरताना, शौचालयातून आल्यावर, जेवणाआधी, आणि हाताला रक्त, शी किंवा दूध लागलं तेव्हा. सगळ्या धरून 12 च्या वर जाईनात. जुलाबाचा रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं.

त्याच दुपारी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. हात बघायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. रात्री खाज वाढते का, घरात आणखी कोणाला आहे का? नाही, म्हणजे खरूज नसावी. एकाच हाताला आहे का, कडेने गोल पसरतंय का? नाही, म्हणजे बुरशी नसावी, तरी खरवडून तपासणी केलीच, ती कोरी आली. कोपर, गुडघे, डोक्यात खवले? नाहीत, सोरायसिसची शक्यता कमी. मनगटावर हातमोज्याच्या काठाशी सरळ रेघेत लाली आहे का? ही जागा त्यांनी बराच वेळ निरखली. रबरी हातमोजे बनवताना थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात, त्यांची अॅलर्जी झाली तर पुरळ तिथे थांबतं. रेघ नव्हती. निदान झालं: चिडचिडीमुळे झालेला हाताचा त्वचादाह. कामाच्या जागी होणाऱ्या अशा त्वचादाहात मोठा वाटा याचाच असतो, अॅलर्जीचा कमी. अॅलर्जी नेमकी कशाची ते शोधणारी पॅच टेस्ट त्यांनी राखून ठेवली. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर करायची असं ठरलं.

अंगठ्याच्या चिरेतून पाणी येत होतं, त्यामुळे ती बरी होईपर्यंत बाळांना हात लावायचा नाही असं त्यांनी लिहून दिलं. तिचा चेहरा पडला. ती कंत्राटी, आणि ड्युटी नाही म्हणजे पगार नाही अशी तिची समजूत. मी मेट्रनकडे जाऊन बसले. दहा दिवस लसीकरणाच्या नोंदवहीचं काम, पगार तोच, रजा खर्ची नाही, हे कागदावर घेतल्यावरच उठले. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून एक गोष्ट नीट झाली असेल तर ती ही. हात दाखवला की ड्युटी जाते असं एकदा वॉर्डात पसरलं असतं तर पुढे कोणीही हात दाखवला नसता, दुखणं अंगावर काढलं असतं.

औषध साधं होतं. मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम, रोज रात्री एकदा, दोन आठवडे, मग एक दिवसाआड, मग बंद. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्यावर पेट्रोलियम जेली भरपूर, आणि रात्री सुती हातमोजे. सुती मोजे गावात मिळाले नाहीत, तिने मुलाच्या जुन्या शाळेच्या पायमोज्यांची टोकं कापून वापरली. अंगठी काढून काळ्या मण्यांत ओवली. वॉर्डातल्या मालवणच्या मावशींनी भिरंडेलाचा गोळा आणून दिला, कोकणात टाचांच्या भेगांना लावतात तो कोकमाच्या बियांचा घट्ट तुपासारखा. चालेल का म्हणून तिने मला विचारलं. चालतं. चिरेत पाणी येत नसेल तर कोमट करून लावायला हरकत नाही, कातडीवर थर धरून तो ओलावा अडवतो. हळद-चुना लावू नकोस एवढं मात्र मी बजावलं. चुना दाहक, उघड्या भेगेला तो जाळतो.

कक्षात काय बदललं? गुलाबी स्क्रब धुण्याच्या जागेवरून काढून फक्त प्रोसिजर ट्रॉलीवर ठेवलं आणि बेसिनशी सुगंध नसलेला सौम्य द्रव साबण आला. जुनी बाटली वरून भरत राहायची नाही, संपली की बदलायची, नाहीतर तीच जंतूंचं घर होते. गीझरचं कढत पाणी बंद केलं. हात धुताना सोसवेल एवढ्या गरम पाण्याने जंतू जास्त मरत नाहीत, कातडीचं तेल तेवढं जास्त निघतं. आधी हात ओले करायचे, मग साबण घ्यायचा. सिस्टर लोक घाईत कोरड्या हातावर साबण घेतात आणि तो एका जागी दाट बसतो. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा, बेचक्यांसकट. चहाच्या टेबलाशी हँडक्रीमचा पंप आला. डबी मुद्दाम नको म्हटलं, दहा जणींची बोटं एका डबीत जाणं बरं नव्हे. क्रीम निवडताना डॉक्टरांना विचारलं, कारण काही क्रीममधले घटक क्लोरहेक्झिडिनचा असर कमी करतात. तेलकट मलम लॅटेक्सच्या हातमोज्यांखाली लावायचं नाही, रबर कमजोर होतं. क्रीमची मंजुरी मागितली तेव्हा "हे सौंदर्यप्रसाधन आहे, वॉर्डाच्या खर्चात बसत नाही" असा शेरा आला. मी तो कागद फुलीच्या नोंदीसह परत पाठवला: हात झोंबतात म्हणून टळलेली स्वच्छता, इतक्या वेळा. मंजुरी आली.

हातमोज्यांविषयी थोडं थांबून सांगायला हवं. 1889-90 च्या हिवाळ्यात अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका होत्या कॅरोलाइन हॅम्प्टन. तेव्हा हात निर्जंतुक करायला मर्क्युरिक क्लोराइडचं, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराचं, द्रावण वापरत. त्याने त्यांचे हात आणि दंड सोलून निघाले. काम सोडायची वेळ आली. हॅल्स्टेड यांनी त्यांच्या हातांचे प्लास्टरचे साचे घेतले आणि गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड करून घेतले. शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे रूढ होण्याची सुरुवात अशी एका सिस्टरच्या फुटलेल्या कातडीतून झाली. रुग्णांनाही त्याचा फायदा होतो, जखमा कमी पिकतात, हे पुढे काही वर्षांनी लक्षात आलं. मी ही गोष्ट आमच्या सिस्टरला सांगितली तेव्हा तिने दोनदा विचारलं, "खरंच हातांसाठी?"

पण तेच हातमोजे चुकीचे वापरले तर घात करतात. ओल्या हातावर चढवलेल्या मोज्यात घाम आणि साबणाचा अंश कोंडून राहतो, कातडी तासन्तास भिजत पडते. जर्मनीच्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत 'ओलं काम' असा वर्गच आहे: दिवसात दोन तासांहून जास्त हात पाण्यात असणं, किंवा सारखे हात धुवावे लागणं. आपल्याकडे सिस्टर, मावशी, हॉटेलात भांडी घासणारे, पार्लरमधल्या मुली, सगळे त्यात बसतील. आमच्या सिस्टरचे ड्युटीभर चढवलेले मोजे तर धुणं टाळण्यासाठी होते, म्हणजे तोटा दुहेरी. मोजे रक्त-शी-लघवीच्या कामापुरते, कोरड्या हातावर, काम झालं की काढायचे, आणि काढल्यावर हँडरब. मोज्यांना बारीक भोकं असू शकतात आणि काढताना हात मळतोच.

तीन आठवड्यांत हात ओळखू येईनात इतके सुधारले. ती कक्षात परत आली. मी पुन्हा रेघा मारल्या: साबण 11 वेळा, हँडरब 52 वेळा, दोन्ही एकापाठोपाठ एकदाही नाही. झोंबत नसल्याने बाटलीकडे हात आपोआप जात होता.

मग फेब्रुवारीच्या शेवटी नणंदेच्या घरचं लग्न निघालं. चार दिवसांच्या रजेवरून आली ती हात पुन्हा बाहीत घेऊनच. पंचवीस माणसांची भांडी, वडीचा साबण, किलोभर लसूण सोलणं, वर मिरच्यांची डेखं काढणं. लसणाचा रस नुसताच कातडीला भाजतो, आणि तिची भिंत वरून सांधलेली दिसली तरी आतून कच्चीच होती. ती पूर्ववत व्हायला महिने जातात, हे मी तिला पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं. वॉर्डाची व्यवस्था आम्ही बदलली आणि घरातले दोन-तीन तासांचे पाण्यातले हात विसरलो. ही या प्रकरणातली खरी उणीव.

घरी हातमोजे घालून भांडी घासायचं सुचवलं तर ती म्हणाली, "सासूबाई म्हणतील, दवाखान्यात काम करते म्हणून लई नखरे आले." मी तिच्या घरी गेले. सासूबाईंना समोर बसवून तिचे हात उजेडात धरले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग स्वतःचे हात पुढे केले. बोटांची टोकं तशीच चिरलेली, अंगठ्याला काळी पडलेली जुनी भेग. "मला वाटलं, बाईच्या हाताला असंच असतं," म्हणाल्या. त्या दिवशी जेलीची डबी दोघींसाठी ठेवून आले. भांड्यांसाठी लांब बाह्यांचे हातमोजे, आत सुती मोजे, एका वेळी वीस मिनिटांहून जास्त नाही, आत ओलं झालं की उलटे करून वाळवायचे. मिरच्या आणि लसूण मुलाने सोलायचं ठरलं. तो बारा वर्षांचा आहे, सोलतो.

आता ऑगस्ट चालू आहे. बेचक्या आणि हातांची पाठ नितळ आहे. उजव्या अंगठ्याच्या टोकाची चीर मात्र दर तीन-चार आठवड्यांनी परत डोकं काढते, त्याच जागी. ती त्याच अंगठ्याने दिवसभर औषधांच्या बाटल्यांची रबरी बुचं दाबते, हे मागच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. राखून ठेवलेली पॅच टेस्ट आता करायची ठरली आहे. पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी एकदा आणि 96 तासांनी एकदा वाचन, त्या दिवसांत पाठीला पाणी लावायचं नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार तिला नाइट न देण्याबद्दल मी रोस्टरवर लिहून ठेवलं आहे.